सुचित्रा बोलत का नाही?

संध्याकाळी साडेसातला माझा आवाज आला नाही तर आमच्या चाळीत लोक समजतात, कांता गावाला गेली. कारण साडेसातला ती सिरियल लागते, आणि ती तोंड बंद ठेवून बघणं मला जमत नाही. परळच्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं आयाचं काम केलंय मी. माणसं आजारी कशी पडतात, बाहेर बाकड्यावर बसलेली त्यांची माणसं रडतात कशी, हे मला कुणी शिकवायला नको. आणि टीव्हीवर बघावं तर सासू आयसीयूत, ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर, ओठाला लिपस्टिक, आणि सून चपला घालून तिच्या उशाशी उभी. आमच्या सिस्टरांनी दंडाला धरून बाहेर काढली असती तिला.

माझ्या जोडीला असते चंपा. शेजारची खोली तिची. लालबागच्या या चाळीत आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलो, आता दोघींचेही नवरे राहिले नाहीत. तिच्या घरात मुलगा राकेश आणि सून वैशाली. टीव्ही माझ्यापेक्षा तिचा मोठा, पण बघायला येते माझ्याकडे. म्हणते, तुझ्या शिव्यांशिवाय सिरियलीला चव नाही.

सिरियलीतली सुचित्रा म्हणजे घरातली मोठी सून. सासूची नथ नाहीशी झाली आणि आळ आला हिच्यावर. चोर कोण ते हिला ठाऊक, नणंदेचा नवरा. पण नणंदेने हिचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, म्हणाली, माझी शपथ आहे वहिनी, कुणाला सांगायचं नाही. तो हात डोक्यावर गेलेला तीन बाजूंनी तीनदा दाखवला, वर विजा कडाडल्या, घराच्या आत. त्याला आता दोनशे भाग झाले. बाई घराबाहेर निघाली, देवळात राहिली, परत आली, पण तोंड उघडेल तर शपथ.

"अगं बोल ना भवाने," मी टीव्हीला म्हणायची. "एक वाक्य आहे. त्या सासवा-सुनांना एका खोलीत कोंडा आणि बाहेरून कडी घाला. पाच मिनिटांत सिरियल संपते की नाही बघ."

"मग उद्यापासून मी काय बघू?" चंपा म्हणायची. "आणि शपथ घातलीय गो तिला."

"शपथेने कोण मरतं? वॉर्डात एकजण पोराच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडायचा. आठव्या दिवशी परत त्याच खाटेवर. पोरगा ठणठणीत."

असं आमचं चालायचं. मग फेब्रुवारीत चंपाच्या अंगावरून जायला लागलं. या वयात हे बरं नव्हे, एवढं मला कळत होतं, म्हणून मीच तिला धरून तपासायला नेली. रिपोर्ट आणायला मात्र राकेश एकटा गेला. संध्याकाळी आला तो घरी गेलाच नाही, जिन्यात थांबला आणि मला खालून हाक मारली. हातात पाकीट होतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण चौतीस वर्षांत काही शब्द नुसते बघून ओळखता येतात. तो शब्द मधल्या ओळीत होता.

"मावशी, आईला सांगायचं नाही," राकेश म्हणाला. "पिशवीला साधी गाठ आहे, काढून टाकायची, असं सांगणार आहे मी."

"अरे, असं कसं? शरीर तिचं आहे."

"बाबांना सांगितलं होतं ना आपण? काय झालं? कळल्यापासून पंधराव्या दिवशी गेले. जेवायचेच बंद झाले. डॉक्टर म्हणत होते अजून वर्ष काढतील."

सीतारामभाऊंचं तसं झालं होतं खरं. मी तरीही तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. छत्तिशीचा बाप्या. चंपा कपड्याच्या कारखान्यात कामाला जायची आणि माझी रात्रपाळी असायची, तेव्हा दिवसभर हे डोकं माझ्या मांडीवर असायचं. मी त्याला तेल घातलंय, उवा काढल्यात. आता वरचे केस विरळ झालेत. हात काढून घ्यायला कितीसा वेळ लागतो, पण मला काढवला नाही. विजाबिजा काही कडाडल्या नाहीत, कुणाच्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली तेवढीच.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती नेमकी शिमग्यातली. चंपाचं गाव राजापूरकडे. तिथे शिमग्यात देवीची पालखी घरोघर येते. चंपा मुंबईत राहिली तरी पालखी दारात यायच्या दिवशी ती गावच्या घराच्या उंबऱ्यात असतेच. राकेश झाला ते वर्ष आणि भाऊंचं सुतक होतं ते वर्ष, एवढी दोनच चुकली. राकेश तिला म्हणाला, "या वर्षी राहू दे आई, पुढच्या वर्षी जाऊ." मी तिथेच बसून लसूण सोलत होते. पुढच्या वर्षी, म्हणे. चंपा नुसतं "बरं" म्हणाली आणि त्याने पुढे केलेल्या इंग्रजी कागदावर सही केली.

मग घरात जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. ज्या राकेशने कधी पाण्याची कळशी उचलली नाही, तो पहाटे उठून पिंप भरायला लागला. वैशाली सफरचंदं कापून द्यायची आणि पाठ फिरवून नाक पुसायची. मार्च म्हणजे आमच्याकडे मिरच्या आणून वर्षाचा मसाला कुटायचे दिवस. चंपा पाच किलो मिरची सांगत होती, तर राकेश म्हणाला, थोडाच कर. पाणी भरणारा मुलगा आणि मसाला थोडा. एवढी वाईट अॅक्टिंग तर त्या सिरियलीतही कुणी करत नाही.

आणि माझं काय? मी साडेसातला टीव्ही लावायची आणि गप्प बसायची. चंपाकडे बघायची सोय नव्हती, म्हणून पडद्याकडे बघायची, तर तिथे सुचित्रा. तीही गप्प. तिला बोल लावायला तोंड उघडायची आणि मिटायची. कुठल्या तोंडाने बोलणार?

आठव्या दिवशी सुचित्रा सासूसमोर उभी राहिली. "आई, मला तुम्हाला काही सांगायचंय," म्हणाली. मागे दारात नणंद. तिने नुसतं डोक्याला बोट लावलं आणि सुचित्रा म्हणाली, "काही नाही, दूध तापवायचंय का?" चंपाने रिमोट घेतला आणि आवाज बंद केला.

"कांता, मला काय झालंय?"

"काय व्हायचंय? साधी गाठ." मी हे लादीकडे बघत म्हणाले, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. हुबेहूब सुचित्रा.

"आठ दिवस झाले," चंपा म्हणाली. "ती बया रोज गप्प बसते आणि तू तिला एक शिवी देत नाहीस. राकेशचं तोंड उतरलेलं मी बघितलं, पण तो ताप आला तरी घाबरतो. त्याच्यावरून मी काही धरलं नाही. तू गप्प झालीस, तेव्हा ओळखलं की मोठं आहे."

डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायचं पण सुचेना. चाळिसावर वर्षं जिच्याबरोबर काढली, तिच्यासमोर मी आठ दिवस चोरासारखी बसत होते, याची मला लाज वाटली.

"कॅन्सर ना?" चंपाने स्वतःच विचारलं. मी मान हलवली.

"राकेशने शपथ घातली असेल," ती म्हणाली. "मोडली नाहीस गो. तू कुठे बोललीस?" तिने टीव्हीच बंद केला. मग म्हणाली, "पालखीला जायचं होतं मला. बाकी काय ते होऊ दे, पण तेवढं जायचं होतं. आणि एक ऐक, मला कळलंय हे राकेशला सांगू नको. बापाचं त्याच्या मनात बसलंय, त्याला झेपायचं नाही. त्याला वाटू दे मला ठाऊक नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे आता मुलगा आईपासून लपवणार, आई मुलापासून लपवणार, आणि मधे मी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून फिरणार. मी उठले आणि गॅलरीत येऊन ओरडले, "राकेश, इकडे ये. आत्ता."

तो हाफ पँटवर, चहाचा कप हातात घेऊनच आला. त्याला आत चंपासमोर बसवला. म्हटलं, "तुला माहीत आहे, तिला माहीत आहे. आता काय ते दोघं एकमेकांना सांगा. मी अजून दोनशे भाग काढणार नाही." बाहेर आले आणि दार ओढून कडी घातली. आमच्या चाळीत संध्याकाळी दार लागत नाही. अख्खा मजला गॅलरीत आला. मी सगळ्यांना सांगितलं, झुरळांचं औषध मारलंय.

पाच मिनिटं झाली. आतून काहीच आवाज नाही. दहा झाली. एकदा खुर्ची सरकली, एकदा राकेश रडल्यासारखं वाटलं, मग परत काही नाही. एक वाक्य, एक वाक्य म्हणून मी वर्षभर त्या सुचित्रेच्या नावाने बोटं मोडली. पण ते वाक्य आईच्या तोंडून मुलाकडे जायला केवढा वेळ लागतो, हे मी त्या कडीला पाठ लावून उभी राहून बघितलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची माणसं रडताना बघून हे शिकायचं राहिलं होतं. तरी सुचित्रेला मी पूर्ण माफ केलेलं नाही. दोनशे भाग म्हणजे फार झाले.

पाऊण तासाने आतून चंपाची हाक आली, "कडी काढ गो, त्याचा चहा थंड झाला."

राकेशचे डोळे सुजले होते. "मावशी, ती म्हणते आधी पालखी, मग ऑपरेशन," तो म्हणाला.

"मग? डॉक्टरांना विचारलंस का कधी, आठ दिवस पुढे ढकललं तर चालेल का?"

त्याने विचारलंच नव्हतं. आईला कारण सांगता येत नाही, म्हणून डॉक्टरांना प्रश्नही विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी काही बिघडत नाही, त्याहून उशीर मात्र नको. दोन मिनिटांत बाहेर आलो.

गावाला चौघं गेलो. अंगण सारवलं होतं, रांगोळी घातली होती. दुपारी ढोल वाजत पालखी आली, अंगणात नाचली आणि खाली टेकली. चंपा नऊवारी नेसून ओटीचं ताट घेऊन उभी. आता गाऱ्हाणं. म्हणजे गावचा मानकरी त्या घराची जी काही अडचण असेल ती देवीपुढे मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळी माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. मानकरी होते रघुकाका. त्यांनी राकेशला हळूच विचारलं, काय सांगू?

राकेश खाली बघायला लागला. "आईची तब्येत बरी राहू दे," तो पुटपुटला. "मोघमच सांगा."

"मोघम कशाला?" चंपा म्हणाली. ती हळू बोलली नाही. "देवीला कळायला नको? कॅन्सर झालाय म्हणून सांगा. पिशवीचा. सोमवारी ऑपरेशन आहे."

अंगणातला ढोल थांबला. बायकांनी पदर तोंडाला लावले. काकांनी घसा खाकरला आणि दरवर्षीच्याच चालीत सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू चंपा, मुंबैसून तुझ्या पायाकडे इलेला हा. तिका पिशवीचो कॅन्सर झालो हा म्हाराजा."

सगळे अडखळले. या वाक्याला होय म्हणायचं म्हणजे कसं म्हणायचं, ते कुणालाच कळेना. मग एक आवाज आला, घोगरा पण मोठा. तो राकेशचा होता. "व्हय म्हाराजा."

मग सगळ्यांचा आला. "सोमवारी तिचा आपरेशन हा, तिची राखण कर म्हाराजा." व्हय म्हाराजा. "आणि पुढच्या वर्साक तिका हयच, ह्याच उंबऱ्यात उभी कर म्हाराजा." व्हय म्हाराजा, अख्खं अंगण बोललं.

मी बोलले नव्हते. साडेसातला अख्ख्या चाळीला ऐकू जाणारी मी. चंपाने ताट एका हातात घेतलं आणि मला कोपर मारलं.

"सुचित्रे," ती म्हणाली, "आता तरी तोंड उघड."

सगळे थांबले होते. माझ्या एकटीचाच आवाज आला, "व्हय म्हाराजा."