दोघी चांगल्या

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. एक कपाट आहे आणि शेजारी एक टेबल. कपाटात तुमच्या वह्या, रंग, जुनी चित्रं, सगळं ठासून भरलेलं. पण चित्र काढायचं झालं तर कपाटात शिरून काढता येईल का? कागद बाहेर काढावा लागतो, टेबलावर पसरावा लागतो. आणि टेबल इवलंसं असलं तर रंगांची पेटी ठेवायला जावं आणि पाण्याचा पेला खाली पडावा, अशी गत होते.

कॉम्प्युटरच्या पोटातही असंच एक कपाट असतं आणि असंच एक टेबल. त्या टेबलाला म्हणतात मेमरी. दिसायला अगदी साधी, वीतभराहून जरा आखूड अशी हिरवी पट्टी. टेबल मोठं हवं असेल तर शेजारच्या खाचेत आणखी एक पट्टी बसवतात. टेबलाला टेबल जोडल्यासारखंच.

दिसलं? आता त्या उघड्या कॉम्प्युटरशेजारी एका मुलीला उभं करा. तिला घरात सगळे भुंगा म्हणत. हे का, ते कसं, असं विचारून ती ज्याच्या त्याच्या डोक्याला भुंगा लावायची, म्हणून बाबांनीच ते नाव ठेवलं होतं.

भुंग्याची आई घरी बसून लोकांच्या घरांचे नकाशे काढायची. दार कुठे, खिडकी कुठे, पलंग टाकल्यावर कपाट पूर्ण उघडेल का, हे सगळं कॉम्प्युटरवर. नकाशे मोठे होत गेले तसा कॉम्प्युटर धापा टाकू लागला. म्हणून बाबांनी एक नवी पट्टी आणली, जुनीपेक्षा मोठी. बसवताना भुंग्याने टॉर्च धरला होता.

"शेवटचं तू दाब," बाबा म्हणाले होते.

भुंग्याने अंगठ्याने दाबलं. टक् झालं.

"बसली! आता तुझी आई राजवाडे काढेल राजवाडे."

दुसऱ्याच दिवशी आईचा नकाशा अर्ध्यावर आला असताना पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर आपला आपण बंद पडून पुन्हा सुरू झाला. नकाशा गेला. परत काढला, परत गेला. मग आई बोलली, बाबा बोलले, आणि शब्दाने शब्द वाढला. भांडणं काही नवी नव्हती. पंखा किती जोरात लावायचा यावरूनही त्या घरात भांडण होई. पण त्या भांडणानंतर थोड्याच दिवसांनी बाबा वेगळ्या खोलीवर राहायला गेले.

भुंग्याने मनाशी एक सरळ रेघ ओढली. पट्टी बसवली म्हणून कॉम्प्युटर बिघडला. कॉम्प्युटर बिघडला म्हणून भांडण झालं. भांडण झालं म्हणून बाबा गेले. तर मग बिघाड सापडला आणि दुरुस्त झाला, की सगळं उलट्या पावली परत येणार. बाबासुद्धा.

म्हणून तिने आत्याला फोन केला. आत्या बाबांची धाकटी बहीण, कॉम्प्युटर दुरुस्त करणारी. ती सकाळीच पिशवी घेऊन आली. दाराशी एक खोकं होतं, त्याला अडखळली.

"हे काय गं वहिनी? मला पाडायचा बेत आहे?"

"त्यांचं राहिलेलं सामान आहे. स्वेटर, बूट वगैरे. जाताना घेऊन जा," आई म्हणाली. पूर्वी आई तिला थट्टेने ‘वन्सं’ म्हणायची. आज काहीच म्हणाली नाही.

"बरं. आधी पेशंट दाखव."

आत्याने वायरी काढल्या, कॉम्प्युटर जमिनीवर आडवा केला आणि बाजूचं झाकण उघडलं. आत धुळीची पुटं होती.

"अगंबाई, इथे तर बटाटे लावता येतील! भुंग्या, हात लावायच्या आधी काय करायचं?"

"पत्र्याला हात लावायचा. अंगातली वीज निघून जाते."

"कोणी शिकवलं?"

"बाबांनी."

आत्याने ब्रश हातात घेतला. धूळ झटकून तिने दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या, त्यांची पिवळी टोकं खोडरबराने हलकेच पुसली.

"आता नीट बघ. घाई केली की बिघाड लपून बसतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कळतं कशामुळे काय झालं. आधी एकटी जुनी."

जुनी पट्टी बसवून आत्याने तपासणी लावली. पडद्यावर आकडे पळू लागले. भुंगा पापणी न लवता बघत होती. शेवटी आलं: चूक नाही.

"म्हणजे नवीत बिघाड आहे," भुंगा म्हणाली. तिचा चेहरा पडला, कारण नवी बाबांची होती. पण लगेच ती म्हणाली, "असू दे. दुकानदार बदलून देईल ना?"

"देईल की. पण आधी बघू तर."

एकटी नवी बसवली. तिची तपासणी लांबली. आईने दोघींना तिथेच जेवायला वाढलं आणि बोलता बोलता तीही दाराशी उभी राहिली. आकडे थांबले. चूक नाही.

"मग खाच खराब असेल!"

आत्याने खाचा बदलून पाहिल्या. या खाचेतही दोघी चांगल्या, त्या खाचेतही दोघी चांगल्या. मग दोघी एकत्र बसवल्या. जरा वेळ बरं चाललं, आणि पडदा लाल ओळींनी भरून गेला. आत्याने दोघींचा वेग उतरवला, म्हणजे सबुरीने घ्या असं सांगून पाहिलं. तेव्हा आणखी थोडा वेळ निभावलं. मग पुन्हा तेच.

आत्या मांडी बदलून बसली. "सापडलं."

"कोणाची चूक?"

"कोणाचीच नाही. जुनी चांगली आहे, नवी चांगली आहे. पण दोघी एकत्र नांदत नाहीत."

"नांदत नाहीत म्हणजे?"

आत्याने मान खाली घातली आणि नको तेव्हा स्क्रू मोजू लागली. उत्तर दारातून आलं.

"एका घरात नीट राहता येत नाही," आई म्हणाली.

कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. भुंग्याने दोन्ही पट्ट्यांकडे पाहिलं, मग आईकडे.

"मी जास्त जोरात दाबलं होतं," ती एकदम म्हणाली. "टक् आवाज आला होता. त्यानेच झालं असेल."

"नाही गं. टक् झालं म्हणजे बरोबर बसली," आत्या म्हणाली. "तू अगदी..."

"असू दे ना माझी चूक!" भुंगा ओरडली आणि तिला रडू फुटलं. "कोणाची तरी असू दे! चूक असली तर दुरुस्त होते!"

आई येऊन खाली बसली, त्या धुळीतच. तिने भुंग्याला जवळ ओढलं. ती नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. आत्या तोंड फिरवून झाकण पुसत बसली. ते मघाशीच पुसून झालं होतं.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "मोठी आत राहू दे. माझ्या नकाशांना तीच लागेल." आणि मग भुंग्याच्या केसांत तोंड खुपसून, हळूच, "पट्टी चांगलीच आणली होती त्यांनी. मी उगाच बोलले."

भुंग्याने ते ऐकलं. रडणं थांबलं नाही, पण जरा मऊ झालं.

आत्याने एकटी नवी बसवली, झाकण लावलं. आईने नकाशा उघडला. तो उघडला आणि उघडाच राहिला.

"हिचं काय?" भुंग्याच्या तळहातावर जुनी पट्टी होती. "कचऱ्यात?"

"वेडी की काय! आमच्याकडे एक पद्धत आहे. चांगली वस्तू काढली की तिच्यावर चिठ्ठी लावायची. नाहीतर पुढचा माणूस म्हणतो, काढली म्हणजे बिघडलीच असणार, आणि देतो फेकून."

तिने चिकटणारे कागद आणि पेन पुढे केलं. भुंग्याने पट्टी एका पाकिटात घातली, नाक पुसलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ‘चांगली आहे. नुसती काढून ठेवली आहे.’

संध्याकाळ होत आली. आई म्हणाली, "वन्सं, चहा घेऊन जा." आत्या थांबली, चहा पिऊन उठली. पिशवी खांद्याला लावून ती दाराशी वाकली आणि तिने खोक्याला हात घातला.

"थांब," भुंगा म्हणाली.

ती आत पळाली आणि दुसरी चिठ्ठी घेऊन बसली. या वेळी लिहायला तिला वेळ लागला. मग ती बाहेर आली, खोक्याच्या झाकणावर चिठ्ठी ठेवली आणि चारही कडा अंगठ्याने घट्ट दाबून बसवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘चांगले आहेत. नुसते वेगळे ठेवले आहेत.’