शेवटचा रंग

जूनच्या पहिल्या सोमवारी गारखेड्यातल्या आमच्या बालवाडीत शिक्षिकांना गणवेश आला. साडी राखाडी, काठही राखाडी. मोठा गट माझ्याकडे होता, लहान गट कुसुमबाईंकडे.

तोवर कुसुमबाईंची साडी रोज वेगळी असे. हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात त्यांची हळदी साडी अंगणात उतरली, की लिंबाखालची सावलीही किंचित उजळल्यासारखी वाटे. रंग शिकवायला त्यांनी तक्ता कधी वापरला नाही, खेळ घेतला. मुलं ओरडत, "बाई बाई, रंग कोणता?" बाई रंग पुकारत आणि मुलं धावत जाऊन त्याला हात लावत. निळं फाटक, लाल घसरगुंडी, हिरवं पिंप. इतरत्र या खेळात पुकारणारा मुलांना पकडतो. इथं नियम वेगळा होता: बाईंची साडीही धरता येई, आणि शेवटचा रंग नेहमी साडीचाच असे. तो पुकारून त्या हात जरा पसरत, डोळे मिटून उभ्या राहत, आणि सगळा गट कलकलाट करत त्यांच्या निऱ्यांत, पदरात, कमरेशी येऊन आदळे.

मदतनीस शांताबाई करवादत, "बाई, पार शेंबूड पुसलाय पदराला. रोज साडी धुवायची लई हौस तुम्हाला!"

"घरात दुसऱ्या कुणाचं धुणं असतं, शांताबाई?" कुसुमबाई हसून म्हणत.

गंगापूरला एक भाऊ होता. दिवाळीला त्या तिथं जात आणि भाऊबीज झाली की परतत. बाकी वर्षभर त्यांच्या खोलीत बोलायला कुणी नव्हतं.

त्या सोमवारी निळा झाला, लाल झाला, हिरवा झाला. मी पायरीवर बसून माझ्या गटाच्या पाट्या पुसत होते. बाईंनी हात पसरले, डोळे मिटले.

"राखाडी!"

कुणी हललं नाही. हा रंग मुलांनी ऐकलेला नव्हता. एकदोघांनी भरून आलेल्या आभाळाकडे पाहिलं.

"तो कुठं असतो, बाई?" गटातल्या सर्वांत लहान मुलीनं विचारलं.

बाईंनी डोळे उघडले. पदर पुढं धरला. "हा बघा. हा राखाडी. या."

आणि पुन्हा डोळे मिटले.

मुलीनं पदर पाहिला. मग मागं वळून माझ्याकडं बोट केलं. "त्या बाईंना बी हाय की! त्या बसल्यात. मांडीवर जागा हाय!"

गट वळला. पावलांचा आवाज कुसुमबाईंच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेला आणि पायरीशी थांबला. पाट्या खाली पडल्या. माझ्या मांडीवर दोघं चढली, उरलेल्यांनी मिळेल तिथं माझी साडी धरली.

दुसऱ्या दिवसापासून कुसुमबाईंनी राखाडी रंग पुकारला नाही.