धाकटीचा भोवरा

धाकटीची होडी दोन्ही वेळा मागे पडली, तेव्हा ताईला आधी हायसंच वाटलं. चला, सुटलो एकदाचे.

बायकांच्या वल्हवण्याच्या संघाची ती प्रशिक्षक. पोटापाण्यासाठी शाळेत जीवशास्त्र शिकवायची, म्हणून पोरी तिला बाई म्हणत. चौघींच्या होडीतल्या तीन जागा ठरल्या होत्या. चौथ्या जागेसाठी दोघी होत्या, बेकरीवाली आणि धाकटी.

धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. विशी उलटेपर्यंत घराने तिला मुलगा समजूनच वाढवलं होतं आणि तेव्हा ती पोरांच्या होडीत वल्हवायची. पुढे 'मी मुलगी आहे' म्हणून तिने तोंड उघडलं, घरात रडारड झाली, संप्रेरकांची औषधं सुरू झाली. आता नियमाप्रमाणे तिला बायकांच्या होडीत बसता येत होतं.

नियम होता, पण ताईचं समाधान होत नव्हतं. औषधांनी रक्त बदलतं, स्नायू काहीसे उतरतात, हे तिला ठाऊक होतं. उंची आणि हाताची लांबी मात्र तशीच राहते, हेही ठाऊक होतं. मग फायदा उरतो तो किती? एवढासा की डोंगराएवढा? शोधनिबंध पुष्कळ वाचले, पण समोर बसलेल्या या एका बाईबद्दल त्यातला एकही छातीठोकपणे काही सांगत नव्हता.

बेकरीवालीने तोंडावरच विचारलं होतं, "बाई, तुमची बहीण माझी मैत्रीण आहे, तिच्यासारखी हसवणारी कुणी नाही. पण तिच्या स्वेटरची बाही माझ्या गुडघ्यापर्यंत येते हो! मी भट्टी सांभाळून इथे येते ती काय नुसती भिजायला?"

ताई म्हणाली होती, "बघू."

घरी भांडी विसळताना धाकटीने विचारलं, "मी शर्यतीत उतरू ना गं, ताई?"

तिलाही ताई म्हणाली, "बघू."

शेवटी ताईने नेहमीची रीत वापरली. दोन होड्या शेजारीशेजारी सोडायच्या. मग बाकीच्या जणी जागच्या जागी ठेवून फक्त या दोघींची अदलाबदल करायची आणि पुन्हा शर्यत लावायची. जिच्या येण्याने होडी पळते, जागा तिची. दोन्ही वेळा बेकरीवालीची होडी पुढे गेली होती.

पण सुटकेचा श्वास अर्धाच राहिला. वल्हं पाण्यातून निघालं की मागे एक भोवरा उरतो. जोर मोठा तर भोवरा खोल. धाकटीचा भोवरा ताई लहानपणापासून ओळखत होती. घट्ट, काळसर, गरगरत लांबवर जाणारा. आज तिच्या वल्ह्यामागे नुसता फेस होता, बशीत सांडलेल्या चहासारखा.

ताई धक्क्यावरूनच ओरडली, "अगं गाढवे! मला काय आंधळी समजलीस?"

सगळ्या चपापल्या. सगळ्यांत जास्त ताई स्वतः. राग आला की तिच्या तोंडून जुनं 'गाढवा' निघायचं. म्हणून गेली काही वर्षं तिने धाकटीवर रागावणंच टाकलं होतं. बहिणीशी ती पाहुण्यांशी बोलावं तशी, प्रत्येक क्रियापद तपासून बोलायची. आज तपासायला वेळच मिळाला नव्हता.

धाकटी धक्क्याला होडी लावत होती. हसू आवरत म्हणाली, "पुन्हा म्हण."

"काय म्हण?"

"गाढवे."

"दात नको काढूस! मुद्दाम हरलीस की नाही?"

धाकटीचं हसू मावळलं. "तुझं 'बघू' मला कळतं, ताई. आईकडे सहलीचे पैसे मागितले की ती असंच 'बघू' म्हणायची. मी हरले की तुला ठरवावंच लागणार नाही. बरं ना?"

दुसऱ्या होडीतून बेकरीवाली उठली, तशी होडी हिंदकळली. "म्हणजे मी जिंकले ती तुझ्या मेहेरबानीने? वा गं वा! हरवायचं तर नीट हरव, म्हणजे मलाही नीट भांडता येईल."

"बस खाली, बुडवशील सगळ्यांना," तिच्या मागची कुरकुरली.

ताई म्हणाली, "दोन्ही शर्यती पुन्हा. आणि या वेळी मी भोवरे बघणार आहे."

या वेळी धाकटीने हात राखला नाही. दोन्ही वेळा तिची होडी पुढे आली. फार नाही, पण वाद घालता यावा इतकं कमीही नाही. बेकरीवाली वल्ह्यावर ओणवी होऊन धापा टाकत होती.

"जागा धाकटीची," ताई म्हणाली. "नियम आहे आणि शर्यत खरी झाली. नियमच बरोबर आहे का, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. बहीण आहे म्हणून असं म्हणत नाहीये. पण माहीत नसताना मी हिला मुद्दाम हरू देणार नाही."

"मला नाही पटत," बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली. "मी नियम करणाऱ्या मंडळापुढे जाऊन सांगणार. तिचे हात आहेत तेवढे मला सात जन्मांत मिळायचे नाहीत."

"सांग," धाकटी म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. "मीही येते. मलाही माझं सांगायचंय."

"तू कशाला? मी तुझ्या विरोधात बोलणार आहे!"

"ऐकायला नको का मी? शिवाय एकटी गेलीस तर भलत्याच बसमध्ये बसशील."

बेकरीवालीने तिच्यावर पाणी उडवलं, चांगलं ओंजळभर.

मग होड्या शेडमध्ये न्यायच्या होत्या. धाकटी, बेकरीवाली आणि आणखी दोघींनी एक उलटी करून खांद्यांवर घेतली. धाकटी सगळ्यांत उंच, त्यामुळे भार तिच्यावरच येत होता. इतरांच्या खांद्यांना होडी टेकावी म्हणून ती गुडघे वाकवून चालायला लागली.

"सरळ चाल गं," बेकरीवाली मागून करवादली.

"मग तुझ्या खांद्याला होडी लागणारच नाही."

"नाही लागली तर नाही. मी हाताने धरते."

आणि तिने टाचा उंचावून दोन्ही हात वर केले. मागे राहिलेली वल्ही ताईने गोळा केली आणि त्या दोघींची कटकट ऐकत ती उतार चढू लागली.