मंगळवारचं ‘नाही’

तुटलेली नस शिवली की रोज एक मिलिमीटर वाढते. तिच्याइतकं इमानी या जगात दुसरं काही नाही. डॉ. इनासनं हे सांगितलं तेव्हा इजिप्तमधल्या दमियत या लाकूडकामाच्या गावचा लुत्फी नक्षीकार खरोखर गंभीर झाला. मग त्याला आठवलं, की आपला मुलगाही कुवेतहून साधारण याच वेगानं घरी यायला निघालाय. गेली नऊ वर्षं.

खुर्चीच्या पाठीवर वेल कोरताना पटाशी निसटून लुत्फीच्या डाव्या मनगटात शिरली होती. मन्सुरा शहरातल्या दवाखान्यात बोटांना स्पर्श कळवणारी नस शिवली आणि तासभर तिला बारीक तारा लावून ठेवल्या. तिथं पाहणी चालली होती. निम्म्या रुग्णांच्या तारांतून वीज सोडायची, निम्म्यांच्या नाही, आणि विजेनं नस लवकर वाढते का ते बघायचं. कुणाला वीज मिळाली ते बंद पाकिटात.

“तुला नाही मिळाली,” कहवाखान्यातला मिस्बाह म्हणाला. “दमियतच्या चिक्कू माणसाला वीज दिली असती तर त्यानं ती घरी नेली असती. तुझ्या घरात तर एकच दिवा जळतो.”

एका माणसाला दुसरा दिवा कशाला, हे लुत्फी बोलला नाही.

दर मंगळवारी तपासणी असे. लुत्फीनं डोळे मिटायचे. डॉ. इनास त्याचा पंजा आपल्या हातात घ्यायची, नायलॉनचा केसासारखा धागा बोटाच्या टोकाला टेकवायची आणि विचारायची, “लागलं?”

“नाही.”

त्याची बायको नजात हिला जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर त्याचा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता. तिसऱ्या मंगळवारपासून तो तिच्यासाठी मुशब्बकचा, म्हणजे जिलबीसारख्या मिठाईचा, डबा नेऊ लागला.

“दमियतची माणसं फुकट काही देत नाहीत म्हणे,” डॉ. इनास म्हणाली. “काय हवंय काका?”

“नस.”

सहा महिने सरले आणि एका सकाळी लाकडाचा बारीक काटा त्याच्या तर्जनीत घुसला. दुखलं. लुत्फी आनंदानं उठून उभा राहिला. सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की बरं झालेल्या माणसाला दवाखान्यात कोण बोलावतं?

त्या मंगळवारी तो म्हणाला, “नाही.” पुढच्या चार मंगळवारीही तेच.

त्यानंतरच्या मंगळवारी डॉ. इनास म्हणाली, “आज मी विचारणार नाही. लागलं तर ‘हो’ म्हणा, नाही लागलं तर ‘नाही’.”

लुत्फीनं डोळे मिटले. धागा टेकला.

“नाही,” तो तत्परतेनं म्हणाला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धागा. “नाही.”

असं दहा वेळा झालं.

“उघडा डोळे,” ती म्हणाली. “दहा वेळा धागा लावला, काका. दहाही वेळा लावल्याबरोबर ‘नाही’ म्हणालात. मध्ये धागा लावलाच नाही, तेव्हा गप्प.”

लुत्फी म्हणाला, “दमियतचं काम आहे. माप चुकत नाही.”

“तुमच्या मापानं आमची पाहणी बुडत होती. खोटं का बोललात?”

“नस जुळली की तुम्ही फाईल बांधणार. मग मंगळवारी मी कुठं जाऊ?”

तिनं त्याचा हात अजून सोडला नव्हता. “घरी कोण येतं?”

“मीटर बघायला माणूस येतो. महिन्यातून एकदा.”

डॉ. इनासनं फाईलमधून पहिल्या दिवशीचा कागद काढला. बरं वाटो न वाटो, प्रत्येकानं दोन वर्षं दर मंगळवारी यायचंच, असं पहिल्याच ओळीत छापलं होतं. खाली लुत्फीची सही होती, नक्षीदार.

“म्हणजे येऊ?”

“यावंच लागेल. फक्त मुशब्बक आणू नका. मला मधुमेह आहे.”

सगळे डबे फाटकावरच्या चौकीदारानं खाल्ले होते.