जमिनीवरचा नेम

"रात्री बाळाला वेगळं निजवायचं नाही. सहा महिने तुझ्या कुशीतच, कळलं?" गाडी सुटेपर्यंत आई खिडकीतून बजावत होती. माझ्या बाळंतपणासाठी ती साताऱ्याहून जयपूरला आली होती, आणि बारसं उरकून परत निघाली होती.

मी मान डोलावली. त्यात अवघड काय होतं?

अवघड झालं ते आषाढी एकादशीला. बाळ पोटात आडवं आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हाच मी देवाला बोलले होते: सारं सुखरूप होऊ दे, चातुर्मासभर जमिनीवर निजेन. सारं सुखरूप झालं. एकादशीला मी संकल्पाचं पाणी सोडलं आणि बाळाला कुशीत घेऊन चटईवर आडवी झाले.

चार दिवस छान गेले. मग आमच्या चांदपोल भागात धो धो पाऊस झाला आणि सकाळी चटई उचलते तो खाली विंचू. माझी किंकाळी ऐकून घरमालकीण मांजी जिन्यावरून चप्पल घेऊनच उतरल्या. विंचू चेचला आणि माझ्याकडे वळल्या.

"बहू, बच्चे को ज़मीन पर? आज से खाट!"

संध्याकाळी त्यांची खाट आमच्या खोलीत आली. बाळ वर, मी खाली, असं करून पाहिलं. हात उंच करून थोपटता थोपटता माझ्या हाताला मुंग्या आल्या, आणि त्यानं असा टाहो फोडला की मांजी पुन्हा खाली. त्याला माझ्याशिवाय झोप नाही, खाली घेणं जिवावरचं, आणि देवाला दिलेला शब्द मोडू कशी?

दुसऱ्या दिवशी एक युक्ती सुचली. तुळशीतली माती चाळून जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधली आणि खाटेवर चादरीखाली पसरली. हे ऑफिसातून आले, खाटेवर टेकले आणि ताडकन उठले.

"हे काय गं?"

"जमीन," मी हळूच म्हटलं.

"अस्सं! मग नांगर कधी आणू? भुईमूग बरा येईल."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. "देवाला फसवतेय, कळतंय हो मला. पण बोलून बसलेय ना."

एरवी माझ्या उपासतापासांची थट्टा करणारे हे चादर सारून माती चाचपू लागले. विमा कार्यालयात कारकून. विचारही त्याच वळणाचा.

"आमच्याकडे कुणी रजेवर गेलं की बदली माणूस बसतो. तुझ्या देवाकडे चालतं?"

"आजारपणात एकाचं व्रत घरातलं दुसरं कुणी चालवतं की."

"मग झालं. कार्तिकीपर्यंत जमीन माझी. शब्द देतो."

"आणि विंचू?"

"माझा विमा उतरवलाय. बाळाचा नाही."

"तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये!"

"बरं बाई, नाही बोलत."

माती मी तुळशीला परत घातली. जेवणं झाल्यावर बाळाला घेऊन खाटेवर पडले, भिंतीकडे तोंड करून, झोपल्यासारखी. मला कळू नये अशा बेतानं ह्यांनी देवापुढे बसून हातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. मग आपल्या गादीची वळकटी करून कोपऱ्यात लावली, कंदील धरून फरशी कानाकोपऱ्यापर्यंत झाडली, आणि चटई उलगडायला घेतली.