सायकलीच्या पुढं गेलेली ओवी

दुष्काळाचं दुसरं वर्ष. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चांगुणा कर्जतच्या दवाखान्यात सुईणपण शिकायला जाई. एकटी, पायी, दोन कोस. नवरा साखर कारखान्यावर कामाला. सासऱ्यानं, सहादेवानं, परवानगी दिली होती, पण अट घालून : वाटेत काही वाकडं झालं, तर शिकणं बंद.

शेजारच्या गावचा राधाकृष्ण, बागाईतदाराचा पोरगा, दोन खेपा सायकलवर तिच्या मागं मागं आला. कधी घंटी, कधी शीळ. तिनं घरी सांगितलं नाही. सांगून त्याची सायकल थोडीच बंद होणार होती? बंद झाली असती ती तिची वाट.

तिसऱ्या खेपेला त्यानं सायकल रस्त्यात आडवी घातली आणि कॅरेजवर बस म्हणाला. रान पाटीसारखं कोरं, आडोशाला तुरीचं खोड नाही. हाकेच्या अंतरावर दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत होत्या. पण किंकाळी फोडली, तर चांगुणेचं काय झालं हेच गावभर होणार. त्यानं काय केलं, ते कुणी पुसणार नाही. चांगुणेनं पदर खोचला आणि पहाटे जात्यावर लावायचा गळा भर उन्हात मोकळा सोडला :

कर्जताच्या वाटंवरी, सायकल ही कुनाची
वाट अडवी बायांची, लाज न्हाई गं मनाची

हातोड्या थांबल्या. मग म्हाताऱ्या रंगुबाईचा चिरका सूर आला :

खडी फोडी बाई माझा, हातोडा गं लई भारी
नाव सांग त्याचं सये, ओवी धाडू त्याच्या दारी

चांगुणेनं नाव ओवलं, गाव ओवलं, बापाचं नावही सोडलं नाही. पुढच्या टोळीनं ओवी उचलली, तिच्या पुढच्या टोळीनं झेलली. राधाकृष्णानं सायकल वळवून टांग मारली, पण ओवी त्याच्या पुढं निघून गेलेली. तिसऱ्या टोळीत त्याची सख्खी चुलती पुष्पावती डोईवर फडकं बांधून बसली होती. ती हातोडी घेऊनच रस्त्यावर आली.

"उतर खाली," ती म्हणाली. "आता पायी जा. बाई कशी चालती, कळू दे जरा."

चांगुणा दवाखान्यात उशिरा पोचली, पण पोचली.

संध्याकाळी घरी आली तर सहादेव ओट्यावर ताठ बसलेला. बातमी आधीच आली होती. झालं तेवढं पुरे, शुक्रवारपासून घरात राहायचं, असं त्यानं सांगून टाकलं.

पाण्याला निघालेल्या चांगुणेनं हंडा खाली ठेवला.

"मामा, वढाळ ढोर पिकात शिरलं तर दावं कुनाला लावता? ढोराला का पिकाला?"

सहादेव उठून गोठ्याकडं गेला.

शुक्रवारी तो काठी घेऊन दारात उभा. सोबत येतो म्हणाला.

"बसा तुमी," चांगुणा म्हणाली. "तुमी संगं आलात, तर त्यो म्हनंल बाई भ्याली."

आणि ती त्याच रस्त्यानं, मधोमध, चालू लागली.