गजाला लावलेला कान

पाणीखात्यात त्याला सगळे ‘कानवाले’ म्हणत. रस्त्यावर लोखंडी गज टेकवायचा, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते ऐकायचं, हे त्याचं काम. गज धरायला आणि पहाटे ध्यानाला बसायला, दोन्ही त्याला मुकादमांनीच शिकवलं. वीस वर्षं तो नेमाने बसला. लेकीच्या लग्नादिवशीही बसला तो उठलाच नाही, आणि ती बापाचा निरोप न घेता दूरच्या शहरी गेली. तेव्हापासून ती फक्त आईशी फोनवर बोले. मोक्षाच्या नादात माणूस घरचं दार विसरतो तो असा.

मग एका पहाटे ध्यान असं लागलं, की कान आणि आकाश यांच्यामध्ये काही उरलंच नाही. त्याला लेकीचा खोकला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तिचं हसणं. तिसऱ्या दिवसापासून तो मुक्तीसाठी बसेनासा झाला, लेकीला ऐकायला बसू लागला. त्यात त्याला फार सुख होतं.

त्याने बायकोला सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या फोनवर ती म्हणाली, “अगं, तो खोकला अंगावर काढू नकोस.”

“खोकल्याचं मी कुणालाच सांगितलं नाही, आई. पाळत ठेवताय माझ्यावर?”

त्यानंतर दोन महिने फोन आला नाही. पहाटे मात्र त्याला ती रडताना ऐकू येई. शेवटी तो मुकादमांकडे गेला.

“सिद्धी मिळाली म्हणायची,” मुकादम म्हणाले, पण हसले नाहीत. “गज हातात दिला त्या दिवशी काय सांगितलं होतं?”

“गळतीच्या जागी खडूने खूण केली की कान उचलायचा.”

“का?”

“नाहीतर माणूस ऐकतच बसतो. नळ दुरुस्त होत नाही.”

“मग? मोकळा व्हायला बसलास आणि पहारेकरी होऊन उठलास. गळती कुठे आहे ते कळलं ना?”

कळलं होतं. त्याने घरी येऊन लेकीला पत्र लिहिलं. ‘तुझ्या लग्नादिवशी मी उठायला हवं होतं. आणि खोकला मीच ऐकला होता. पुन्हा ऐकणार नाही.’

दुसऱ्या पहाटे लेकीचा खोकला ऐकू आला, आधीपेक्षा खोल. त्याचा जीव तीळतीळ तुटला, पण तो आवाजामागे गेला नाही. आवाज विरत गेला आणि परत आला नाही. वीस वर्षं जी शांतता मागितली ती आता समोर होती, आणि तो तिच्यात बसून रडला.

तीन आठवड्यांनी फोन वाजला. बायकोने उचलला, ऐकलं आणि त्याच्यापुढे धरला. “तुमच्याशी बोलायचं म्हणतेय.”

“बाळा, कशी आहेस?” त्याने विचारलं.

पलीकडून काय उत्तर येईल ते त्याला ठाऊक नव्हतं. फोन कानाशी धरून तो वाट पाहत राहिला.